आधी डावा

त्या माणसाने उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला, मोज्याची गुंडाळी करून बुटात कोंबली, आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवून तो स्वस्थ बसून राहिला. आर्डिस त्याच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसली होती. टबातल्या पाण्याची ऊब बघायला तिने नुकतंच कोपर बुडवलं होतं, त्यामुळे स्वेटरची बाही ओली झाली होती आणि ती ओल आता गार लागायला लागली होती. ती वाट बघत राहिली. चर्चच्या तळघरात गुरुवारी दुपारी पाय दाखवायला येणारी माणसं आधी डावा बूट काढत, मग उजवा. असं का, ते तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. इतक्या हिवाळ्यांत ती तिथली रीतच होऊन बसली होती, कॉफी आधी आणि सूप मागून, तशी. "दुसरा?" ती म्हणाली. "हा एकच," तो म्हणाला. "डावा ठीक आहे." आणि त्याने डावा पाय जाड बुटासकट खुर्चीखाली ओढून घेतला. झालं ते एवढंच. पण आर्डिसने पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पांढरी दाढी, वाऱ्याने सोललेले गाल, खाली ओढलेली लोकरी टोपी. साठीच्या अलीकडचा किंवा पलीकडचा. कुणीही असू शकत होता.

तिला डाव्या पायाचं एवढं काय पडलं होतं, हे त्या तळघरात कुणालाच ठाऊक नाही अशी तिची पक्की समजूत होती. समोरचा माणूस मोजा काढायला लागला की तिची नजर आधी त्याच्या डाव्या पायाच्या बोटांवर जाई. अंगठ्याशेजारचं बोट आणि त्याच्या शेजारचं. ती सुटी आहेत, की एकमेकांना चिकटलेली? रस्त्यावर राहणाऱ्यांचे पाय थंडीने इतके सुजलेले आणि मळाने इतके काळवंडलेले असत की नुसतं बघून कळत नसे. मग ती पाय पाण्यात घेई, साबण लावी आणि उजव्या हाताची करंगळी त्या दोन बोटांच्या फटीत घाली. करंगळी आरपार जायची. दर वेळी जायची. ती अडावी, मधे कातडीचा पडदा लागावा, एवढंच तिला हवं होतं. ती आरपार गेली की आर्डिस श्वास सोडायची आणि मान खाली घालून खऱ्या कामाला लागायची. टाचांच्या भेगा, आत वळलेली नखं, ओल्या मोज्यात राहून भिजलेल्या पावासारखी पांढरी पडलेली कातडी. बोटांच्या मधे धुणं हा कामाचाच भाग होता, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. देवाला कळत असेल तर असेल, पण देवही या गावचाच होता, तो काही विचारायला येणार नव्हता.

या गावातली माणसं मरतील, पण सरळ प्रश्न विचारणार नाहीत. शेजारच्याच्या घराला आग लागली तर कुंपणाशी उभं राहून "आज जरा उकडतंय, नाही?" म्हणतील. त्यांचे आजे-पणजे नॉर्वेतून अमेरिकेत येताना पेट्यांमधून लोकर आणि बायबल घेऊन आले आणि ही सवयही घेऊन आले. सरोवराकाठच्या या डुलूथ गावात चढावरची अर्धी घरं अशा लोकांची होती, एकमेकांच्या अंगणातला बर्फ न सांगता उपसणारी आणि एकमेकांच्या घरात काय चाललंय ते मरेपर्यंत न विचारणारी. तळघरातला नियमही त्यातूनच आला होता. येणारा जे नाव सांगेल ते खरं. जे सांगणार नाही ते विचारायचं नाही. "हवेवर बोला," ऑर्फा सगळ्यांना बजावायची. "हवा सगळ्यांची असते." ऑर्फा लिंडक्विस्ट ही निवृत्त नर्स. पाय धुण्याचं हे काम तिच्या हुकमाखाली चाले आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"नाव काय म्हणालात?" आर्डिसने विचारलं. एवढं विचारायला परवानगी होती.

"मर्ल."

"बाहेर वारा सुटलाय, मर्ल."

"सरोवरावरून येतोय," तो म्हणाला. "मधे काही आडवं येत नाही ना त्याला."

लायल असं बोलला असता का? तिने उजवा पाय पाण्यात घेतला. पाय लांबट होता, घोट्याचं हाड वर आलेलं. लायलचे पाय लांबट होते. पण लांबट पाय काय हजारोंचे असतात. ती साबण लावत राहिली आणि तिची नजर सारखी खुर्चीखालच्या त्या बुटाकडे जात राहिली. बुटाला नाडी नव्हती, तिच्या जागी तार पिळून बांधली होती. आणि मग, तो पाय टॉवेलात घेऊन टिपताना ती जरा वाकली, तेव्हा तिला तो वास आला. मंद, गोडसर. फळांच्या टोपलीत तळाशी एखादं सफरचंद नासावं तसा. ऑर्फाने तिला पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं होतं, असा वास आला की मला हाक मारायची, तिथल्या तिथे, मग मी जेवत असेन नाहीतर प्रार्थनेत असेन. आर्डिसने तोंड उघडलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऑर्फा मोज्यांच्या खोक्यात डोकं घालून उभी होती. ऑर्फा आली असती, तिने तार कापली असती, बूट काढला असता, आणि मग दोन मिनिटांत आर्डिसला कळलं असतं. तिने तोंड मिटलं.

"काय गं," ऑर्फाच तिकडून ओरडली, "तुझ्या गिऱ्हाइकाने आज अर्धंच दुकान उघडलंय वाटतं?"

"डावा ठीक आहे म्हणतायत," आर्डिस म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. तो तसंच म्हणाला होता.

लायल तिचा भाऊ, तिच्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटा. त्याच्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली ती उठलीच नाही, आणि शनिवारी संध्याकाळी त्याला न्हाऊ घालायचं काम आर्डिसकडे आलं. दुसऱ्या दिवशी रविवार, चर्चमध्ये मानेवर मळ दिसता कामा नये. स्वयंपाकघरात शेगडीजवळ पत्र्याचा टब ठेवायचा, किटलीतलं पाणी ओतायचं, कोपराने बघायचं. कोपराने बघायची सवय तेव्हाची. पाणी गरम लागलं की लायल किंचाळायचा आणि गार झालं की बाहेर यायला तयार नसायचा. डोकं, कान, पाठ, आणि शेवटी पाय. डाव्या पायाची ती दोन बोटं टोकापर्यंत जुळलेली होती. ती मुद्दाम करंगळीने तिथे रस्ता शोधायची. "इथून जाऊ का? नाही? बरं, इथून?" आणि तो हसून हसून अर्धा टब जमिनीवर सांडायचा. वडील खुर्चीत बसून स्वतःचा डावा पाय मोज्यातून बाहेर काढायचे, तोही तसलाच. "आमच्याकडे बदकाचं रक्त आहे," ते म्हणायचे. "मग मला पोहता का येत नाही?" लायल विचारायचा. त्या सरोवरात भर उन्हाळ्यातही हाडं गोठतात, तिथे कुणालाच पोहता येत नाही, पण वडील गंभीर चेहरा करून म्हणायचे, "बदकालाही आधी शिकावं लागतं." आर्डिसचे पाय आईवर गेले होते. तिची बोटं सुटी, साधी. लहानपणी तिला या गोष्टीचं फार वाईट वाटायचं.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणाला टोक असतं, तिथे परत जाता येतं, माफी मागता येते. तसलं काही झालंच नाही. लायल लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटींवर कामाला लागला, आणि एका वर्षी सरोवर गोठून बोटी बंदरात थांबल्यावर तो पिशवी घेऊन घरी आला, जेवला, दोनदा वाढून घेतलं, पश्चिमेकडे काम आहे म्हणाला, वसंतात येतो म्हणाला. दारात उभा राहून त्याने बूट घातले. ती भांडी घासत होती, हात ओले होते, म्हणून तिने कोपरानेच त्याला जरा ढकललं, जा, म्हणून. वसंत आला. मग कितीतरी वसंत आले. वडील गेले तेव्हा चर्चमध्ये पहिल्या बाकावर तिने आपल्या शेजारी एका माणसाची जागा सोडली होती, आणि मागचे लोक दाटीवाटीने बसले, पण तिथे कुणी बसलं नाही आणि कुणी काही विचारलंही नाही. नंतर पश्चिमेकडच्या सिएटलहून आलेला बोटीवरचा एक जुना सोबती म्हणाला होता की लायलसारखा कुणीतरी त्याला तिथे दिसला, पुलाखाली, पुठ्ठ्यावर झोपलेला. हाक मारली, पण त्याने वळून बघितलं नाही. तेवढ्यावर आर्डिस इतकी वर्षं जगली होती. लग्न झालं, शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी झाली, नवरा वारला. पण पुलाखालचा तो माणूस कधी वळून बघतोय याची वाट बघणं काही संपलं नाही.

तळघरातलं हे काम सुरू झालं ते एका फजितीतून. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून, पास्टरबाई वेदीपुढे बारा जणांचे पाय धुवायच्या. ते बारा जण घरून पाय धुऊन यायचे. नुसते धुऊन नव्हे, घासून, नखं कापून, काही जण तर क्रीम लावून. मिसेस टॉरगर्सननी एका वर्षी नेलपॉलिश लावलं होतं आणि त्यावरून पुढे महिनाभर कुजबुज चालली. कुणाला आपला मळ दुसऱ्याच्या हाती द्यायचा नव्हता. त्याच दिवशी बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारा गोणपाटात पाय गुंडाळून बसला होता, आणि प्रार्थना संपवून सगळे त्याला वळसा घालून गाड्यांकडे गेले. ऑर्फा तेवढी थांबली. तिने ते गोणपाट सोडलं, आत बघितलं आणि चर्चच्या दारातून आत ओरडली, "अहो पास्टर, तो टब घेऊन या इकडे! धुवायचे पाय इथे आहेत!" पुढच्या आठवड्यापासून तळघर उघडलं. आर्डिसने सर्वांत आधी नाव दिलं. सगळ्यांना वाटलं, केवढी दयाळू बाई. दयाळू होतीही ती, हे खोटं नव्हे. पण तिची दया एका करंगळीएवढ्या फटीतून आत बघत होती.

पुढचा आठवडाभर तिच्या जिवाची नुसती घालमेल झाली. सकाळी खिडकीतून बंदर दिसायचं, बर्फात रुतून बसलेल्या बोटी दिसायच्या, आणि ती कॉफीचा कप हातात घेऊन उभी राहायची ती कॉफी गार होईपर्यंत. तो बूट. त्या बुटाच्या आत अंधारात पाच बोटं होती, आणि ती सुटी होती किंवा नव्हती. तिने ठरवलं की गुरुवारी सरळ सांगायचं, बूट काढा. मग तिच्या ध्यानात आलं की आपल्याला ते नकोच आहे. इतक्या वर्षांत दर गुरुवारी लायल नसल्याचं तिला आठ-दहा वेळा कळत आलं होतं. आणि आता पहिल्यांदाच आठवडाभर तो नसल्याचं कळलेलं नव्हतं. तो गावात होता. वरच्या रस्त्यावरच्या बेघरांच्या निवाऱ्यात झोपत होता, याच वाऱ्यात फिरत होता. बूट पायात आहे तोवर लायल आहे. हा विचार लाज वाटण्यासारखा आहे हेही तिला कळत होतं, कारण त्या विचाराच्या पाठोपाठ दर वेळी तो नासलेल्या सफरचंदाचा वास यायचा. ती खिडकी उघडायची, थंड वारा आत घ्यायची. गुरुवार यायला अजून वेळ आहे, एका आठवड्याने काय होतंय, असं स्वतःला सांगायची. ऑर्फाला फोन करायला दोनदा उठली आणि दोन्ही वेळा बटाटे उकडायला ठेवून परत आली. लेफ्सा करायचं तिने तेवढ्यात ठरवून टाकलं होतं. उकडलेल्या बटाट्याची ती पातळ पोळी, तव्यावर भाजून लोणी आणि साखर घालून गुंडाळलेली. लायल एका बैठकीत सात खायचा.

दुसऱ्या गुरुवारी मर्ल आला तेव्हा ती दाराकडेच बघत होती. तो लंगडत होता, पण लंगडत नसल्यासारखा. खुर्चीत बसला, उजवा बूट काढला, डावा खाली ओढून घेतला. तिने डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला.

"हे काय?"

"घरी केलं होतं. जास्त झालं."

त्याने एक गुंडाळी उचलली, वास घेतला, अर्धी तोंडात घातली. ती त्याच्या जबड्याकडे बघत राहिली. तो सावकाश चावत होता, डोळे मिटून.

"आईच्या हातची आठवण झाली," तो म्हणाला.

आर्डिसच्या हातातला साबण पाण्यात पडला. या गावात कुणाचीही आई लेफ्सा करते, हे तिला कळत होतं. पण कळण्याचा आणि मनाचा त्या क्षणी काही संबंध राहिला नव्हता. तिने विचारलं, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "बोटींवर होता का कधी तुम्ही?"

"होतो थोडे दिवस. इथे कोण नव्हतं?"

"आणि पश्चिमेकडे?"

त्याने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात अशी काही मऊ, भुकेली आशा होती की तिला पुढे विचारायचा धीर झाला नाही. "तिकडेही होतो," तो म्हणाला, आणि आणखी एक गुंडाळी उचलली. मागून कॉफीची किटली घेऊन जाताना ऑर्फा म्हणाली, "वा! आम्ही इथे जन्म घालवला, आम्हांला कधी बिस्किटसुद्धा नाही मिळालं. मर्ल, तुम्ही काय जादू केलीत?" आणि शिंकली. तिला सर्दी झाली होती, नाक लाल झालं होतं. वास आता मंद नव्हता. आर्डिसने उजवा पाय धुतला, टिपला, नवा मोजा चढवला. जोडीतला दुसरा मोजा त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "डावा दाखवायला हवा, मर्ल." फार हळू म्हणाली. ऐकू न गेलं तरी चालेल, इतकं हळू.

"पुढच्या खेपेला," तो म्हणाला.

आणि तिला बरं वाटलं. तिला खरोखर बरं वाटलं, ही गोष्ट ती पुढे कधीही विसरू शकली नाही.

तिसऱ्या गुरुवारी तो जिना उतरून आला नाही, दोघांनी त्याला बखोटीला धरून खाली आणलं. निवाऱ्यातलीच माणसं होती, तिच्या ओळखीची, दोघांचेही पाय तिने कितीदा धुतलेले. मर्लच्या कपाळावर घाम होता आणि दात वाजत होते. खुर्चीत बसवल्यावर त्याने सवयीने वाकून उजव्या बुटाला हात घातला. आर्डिस उठली. तिने ऑर्फाच्या टेबलावरची मोठी कात्री उचलली, परत येऊन जमिनीवर गुडघे टेकले, आणि खुर्चीखालून त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी धरून पुढे ओढला.

"नको," तो म्हणाला.

"मर्ल, हे आता काढायचं."

"नको ना, बाई. आजचा दिवस राहू द्या."

"ऑर्फा!" आर्डिसने हाक मारली. त्या तळघरात तिचा आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. "ऑर्फा, अॅम्ब्युलन्स बोलाव! आणि इकडे ये!" तिने तार कापली. बुटाचं चामडं घोट्यापासून खाली कापत नेलं, मोजा कापला, तो कातडीला चिकटला होता तिथे कोमट पाण्याने भिजवून भिजवून सोडवला. वास इतका होता की शेजारच्या खुर्चीतला माणूस उठून भिंतीशी गेला. टाच आणि तळवा काळा पडला होता, वर घोट्यापर्यंत लाल-जांभळं चढलं होतं. बोटं मात्र, टोकं सोडली तर, अजून बोटांसारखी होती. ती बघायची गरज नव्हती. बघायच्या आधीच तिची करंगळी गेली होती तिथे, आणि आरपार गेली.

पाचही बोटं सुटी होती. साधी. तिच्यासारखी.

ती तशीच बसली. ऑर्फा फोनवर पत्ता सांगत होती, कुणीतरी ब्लँकेट आणत होतं. आर्डिसला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला रडू येईल. आलं नाही.

"तो नाहीये ना मी?" मर्ल म्हणाला.

तिने वर बघितलं.

"सगळ्यांना माहितीये, बाई," तो म्हणाला. बोलताना त्याचे दात वाजत होते. "तुम्ही आधी डावा बघता. कुणाला तरी शोधताय. मी या गावात आलो, तर पहिल्या रात्री निवाऱ्यात मला सांगितलं यांनी. म्हणाले, त्या म्हातारीकडे जाशील तर आधी डावा काढ. तिला एकदा बघून घेऊ दे, म्हणजे ती मोकळी होते आणि मग हात लावते तो असा की..."

भिंतीशी उभा असलेला माणूस जमिनीकडे बघत होता. मर्लला घेऊन आलेले दोघेही जमिनीकडेच बघत होते. म्हणजे इतके हिवाळे ही माणसं, जिना उतरून येऊन, कॉफी पिऊन, हवेवर बोलून, तिच्यासाठी आधी डावा मोजा काढत होती. तिला विचारलं नव्हतं आणि एकमेकांना मात्र सांगितलं होतं. आर्डिसचा चेहरा गरम झाला. कुणीतरी आपल्याला न सांगता आपलेच पाय धुतलेत, असं तिला वाटलं.

"मग तू का नाही काढलास?" ती म्हणाली.

"काढणारच होतो. पहिल्या दिवशी त्या पायाची मला लाज वाटली, घाण होता म्हणून. पण तुम्ही वर बघितलंत. माझ्याकडे असं... मला तसं कुणी बघून फार दिवस झाले. काढला असता तर संपलं असतं ते. पुढच्या गुरुवारी तुम्ही लेफ्सा आणलात." तो हसायचा प्रयत्न करत होता. "माझी आई असलं काही करत नव्हती. डबा फोडून सूप गरम करायची ती."

"मला वास आला होता," आर्डिस म्हणाली. "पहिल्याच दिवशी. मी बोलले नाही."

"मलाही आला होता," मर्ल म्हणाला.

जिन्यावर बुटांचे आवाज झाले. अॅम्ब्युलन्सची माणसं येईपर्यंत तिने तो पाय मांडीवर घेऊन धरून ठेवला होता, त्या काळ्या भागाला धक्का लागणार नाही असा, आणि दुसऱ्या हाताने ती त्याची घोट्याच्या वरची धडधाकट पोटरी पुसत होती, जिथे पुसून काही उपयोग नव्हता तिथे. त्यांनी त्याला उचललं तेव्हा तो म्हणाला, "तुझा भाऊ असतो तर बरं झालं असतं." "हो रे," ती म्हणाली. "फार बरं झालं असतं."

पाय घोट्याच्या वरून गेला. डॉक्टरांनी ऑर्फाला सांगितलं आणि ऑर्फाने आर्डिसला, एकदाच, नर्सच्या आवाजात, की पंधरा दिवस आधी आला असता तर कदाचित बोटांवर भागलं असतं. आर्डिस "हं" म्हणाली. ऑर्फाने तिच्याकडे बराच वेळ बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि मग म्हणाली, "उद्या गुरुवार. इथलं मी बघते. तू टब घेऊन हॉस्पिटलात जा." यापलीकडे ती काही बोलली नाही. जिभेला हाड नसलेल्या बाईने गप्प बसावं, हे आर्डिसला शिव्यांपेक्षा जड गेलं.

मांडीवर प्लास्टिकचा टब घेऊन ती बसने गेली. लोक बघत होते. टबात टॉवेल, साबण आणि लोकरीचा एक मोजा होता. जोडीतला दुसरा तिने घरी ड्रॉवरमध्ये ठेवला होता, टाकायला हात धजला नव्हता. मर्ल खिडकीजवळच्या खाटेवर होता. दाढी कुणीतरी कातरली होती, त्यामुळे त्याला खरोखर चेहरा आला होता, आणि तो चेहरा लायलसारखा कुठेही नव्हता. नाक वेगळं, कान वेगळे. डोळे तपकिरी होते. लायलचे निळे. एवढं पहिल्याच दिवशी दिसलं असतं, डोळ्यांचा रंग बघितला असता तर. ब्लँकेटखाली एका बाजूला पायाचा उंचवटा होता आणि दुसऱ्या बाजूला ब्लँकेट अर्ध्यातच सपाट झालं होतं. ती तिकडे बघतेय हे त्याने बघितलं.

"आता एकच आहे," तो म्हणाला, "आणि तोही उजवा. तुझ्या काय कामाचा?"

"दे इकडे," ती म्हणाली.

न्हाणीघरातून तिने पाणी आणलं, स्टूल ओढलं, बाही वर केली आणि कोपर बुडवून बघितलं. पाय पाण्यात घेतला. साबण लावला. टाच, तळवा, घोटा. मग बोटं. करंगळी पहिल्या फटीत गेली, दुसऱ्या फटीत गेली, तिसऱ्या. तिथे अडण्यासारखं काही नव्हतं हे तिला ठाऊक होतं, आणि तरी दुसऱ्या फटीपाशी ती किंचित थांबली. ती सवय काही जाणार नव्हती. पुढच्या गुरुवारी तळघरात कुणीतरी आधी डावा मोजा काढेल, आणि ती बघेल. लाज वाटूनसुद्धा बघेल.

बाहेर बंदराच्या तोंडाशी बर्फ फोडणाऱ्या बोटीचा भोंगा वाजला. वसंताच्या पहिल्या बोटींसाठी वाट करायला सुरुवात झाली होती. मर्ल उशीवर डोकं टेकून तिच्याकडे बघत होता.

"नाव काय त्याचं?" तो म्हणाला.

तिचे हात पाण्यात थांबले. इतक्या वर्षांत, चर्चमध्ये, शाळेत, शेजारी, नवऱ्यानेसुद्धा, त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. सगळे चांगले लोक होते. दुखेल म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

"लायल," ती म्हणाली. नाव तोंडातून बाहेर आलं आणि खोलीत राहिलं.

"कसा होता?"

पाणी गार होत चाललं होतं. तिने पाय बाहेर काढला नाही. "पाणी गार झालं तरी टबातून बाहेर यायचा नाही," ती म्हणाली, आणि मग तिला एकदम इतकं काही सांगायचं होतं की कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून तिने पत्र्याच्या टबापासून सुरुवात केली.